तीन दवाखाने आणि बेचाळीस सेकंद

१

ज्या वर्षी आत्याच्या थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि ठरून मोडलं, त्या वर्षीची ही गोष्ट. पत्रिका छापून आलेल्या होत्या. त्यांचे गठ्ठे दिवाणाखाली तसेच पडून होते, आणि केर काढताना झाडू त्यांना लागला की वहिनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायच्या. त्याच ऑगस्टातल्या एका सोमवारी सव्वानऊला कचेरीतला फोन वाजला आणि पलीकडून एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आमचे सहाशे पेशंट कुठे गेले?"

फोन आत्यानं घेतला होता. खरं तर ती इथे एकीचीच आत्या, थोरल्या भावाच्या म्हणजे दादाच्या मुलीची. पण भाची नोकरीला लागली आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत "आत्या, चष्मा घरी विसरलीस!" म्हणून ओरडली, तेव्हापासून शिपायापासून साहेबांपर्यंत ती सगळ्यांची आत्या झाली.

कचेरी लहान, अकरा माणसांची. कानाच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कुणाला किती ऐकू येतं त्याचे आलेख, कुणाच्या कानातलं यंत्र कितीवर लावलंय त्याचे आकडे, सगळं त्यात साठवलेलं. आत्याचं काम तपासण्याचं. नवी आवृत्ती तयार झाली की ती कॉम्प्युटरवर घालून बघायची, काढून बघायची, आणि ठीक असेल तर कागदावर खूण करायची.

"गेले म्हणजे?" आत्यानं विचारलं.

"म्हणजे गेले. शनिवारी तुमचा माणूस आला, सहावी आवृत्ती घालून गेला. आज उघडलं तर यादी कोरी. एक नाव नाही. समोर एक आजोबा बसलेत, त्यांचं यंत्र मी कितीवर लावू? अंदाजानं?"

दुपारपर्यंत असेच आणखी दोन फोन आले. तीन दवाखाने, तीन वेगळी गावं. एकूण एकेचाळीस दवाखाने होते. त्यांतल्या चाळिसांनी नवी आवृत्ती घातली होती, एकाची बाकी होती. चाळिसांतले सदतीस ठणठणीत. तीनच कोरे.

साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं, दार लावलं आणि एवढंच विचारलं, "या तिन्ही ठिकाणी कोण गेलं होतं?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. तिन्ही ठिकाणी पाहुणा गेला होता. आणि पाहुणा म्हणजे ज्याच्याशी भाचीचं लग्न मोडलं, तो.

२

इन्स्टॉलर म्हणजे सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर नेऊन बसवणारा गडी. आत्या नव्या माणसांना तो असाच समजावून सांगायची. फायली जागच्या जागी ठेवणं, चिन्ह लावणं, नोंदी करणं, ही रोजची कामं त्याला न सांगता येतात. त्यापलीकडे काही हवं असेल तर तो हात वर करतो आणि म्हणतो, हे मला येत नाही, तुमचं तुम्ही लिहून द्या. ते जे लिहून द्यायचं, त्याला म्हणायचं कस्टम अ‍ॅक्शन. ती भाची लिहायची, सी शार्प या प्रोग्रॅमच्या भाषेत. अशा कोडला मॅनेज्ड कोड म्हणतात, कारण तो यंत्रावर मोकळा सुटत नाही, त्याच्या वागण्यावर नजर ठेवणारा एक सांभाळकर्ता असतो. कोड धडपडला तर सांभाळकर्ता सावरतो. मुळात सांगितलेलं कामच चुकीचं असेल, तर ते मात्र तो इमानानं करू देतो.

सहाव्या आवृत्तीत भाचीनं असं एक काम लिहिलं होतं. रुग्णांची माहिती जुन्या फोल्डरातून उचलायची आणि नव्या फोल्डरात नेऊन ठेवायची.

"माहितीला हात लावणारं सहाव्या आवृत्तीत एकच काम आहे," साहेब भाचीला म्हणाले. खोलीत आता ते, ती आणि आत्या एवढेच होते. "ते तू लिहिलंस."

"हो."

"आवृत्ती बाहेर पडायच्या दोन तास आधी त्यात बदल केलास. कुणाला दाखवलास?"

"कुणालाच नाही."

"आणि पाहुणा जिथे गेला, नेमकी तिथलीच माहिती गेली. आता लोक काय म्हणतील?"

"लोक दोन महिने म्हणतच आहेत, साहेब. त्यांना नवीन विषय मिळाला."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता, पण तीन डॉक्टर त्याच्या डोक्यावर बसले होते. "मला शुक्रवारपर्यंत कारण हवंय. नाहीतर तुला घरी पाठवावं लागेल. आणि का पाठवलं, ते त्या तिघांना लेखी कळवावं लागेल."

म्हणजे नोकरी तर जाणारच, वर दुसरीकडेही कुणी उभं करणार नाही. दादाला निवृत्त होऊन सव्वा वर्ष झालं होतं, त्याची फुप्फुसं कामातून गेलेली, आणि घर भाचीवर चालत होतं.

बाहेर जिन्यात आत्यानं तिला गाठलं. "केलंस का गं?"

"तुलाही तसं वाटतं?"

"मला काही वाटत नाही. मी विचारतेय."

"मुद्दाम नाही केलं. त्याच्यावर राग काढायला मी सहाशे माणसांचे कान पणाला लावीन होय? पण चुकून झालं नसेल असं छातीठोक सांगता येत नाही मला." भाचीनं कठड्याला टेकून खाली पाहिलं. "आणि एक गोष्ट साहेबांना सांगितली नाही मी."

"काय?"

"माझ्या कामाला जुन्या फोल्डरात काही सापडलं नाही, तर ते आता ओरडत नाही. गुपचूप रिकामं फोल्डर करतं आणि 'झालं' म्हणून कळवतं. आधी ओरडायचं, म्हणून कोऱ्या कॉम्प्युटरवर घालताना अडकायचं. शेवटच्या दोन तासांत मी तेवढंच बदललं, आत्या. ओरडणारं तोंड बंद केलं."

३

पाहुणा महिन्यातून चार दिवस कचेरीत दिसायचा. आला की चहा घ्यायचा, चार थापा मारायचा आणि बॅग उचलून पुन्हा गावोगाव. त्यावरून ते नाव पडलं. लग्न ठरलं तेव्हा त्या नावावर सगळे पोट धरून हसले होते. लग्न मोडलं, हसणं थांबलं, नाव तेवढं राहिलं.

आत्याला तो गाडीपाशी सापडला. डिकी उघडून वायरी गुंडाळत होता.

"या आत्या. तुम्हीही झाडाझडती घ्यायला?"

"झाडाझडती साहेब घेतात. मी विचारायला आले. बाकीच्यांनी आपापली आवृत्ती घातली. त्या तिघांकडेच तू का गेलास?"

"माझेच दवाखाने ते. मागच्या वर्षी मेमध्ये मी गिऱ्हाईक केलं, मीच मशीन मांडलं, पहिलं सॉफ्टवेअरही मीच घातलं. त्यांच्याकडे दिवा गेला तरी मला फोन येतो."

"आणि या वेळी काय केलंस?"

"बटण दाबलं. चहा प्यायलो. 'पूर्ण झालं' असं आलं, निघालो. उघडून बघायला हवं होतं, नाही बघितलं. ते माझं चुकलं."

"लॉग कुठे आहे?"

पाहुण्याचा हात वायरीवर थांबला. इन्स्टॉलरला सांगून ठेवलं तर तो आपण काय काय केलं ते क्षणाक्षणाला लिहून ठेवतो. तो लॉग. दवाखान्यातली माणसं नुसतं बटण दाबतात, त्यांच्याकडे लॉग नसतो. पण पाहुण्यावर एकदा एका डॉक्टरनं नसतं बालंट आणलं होतं, तेव्हापासून लॉग लिहून घेतल्याशिवाय तो कुठेच काही घालत नसे.

"साहेबांनी मागितला नाही," तो म्हणाला.

"मी मागतेय."

"आत्या, मी तो वाचलेला नाही. मुद्दामच. त्यात तिचं काही निघालं तर? लग्न तिनं मोडलं. बाबा आजारी असताना गाव सोडणार नाही म्हणाली, मला इथे कायम राहायचं नव्हतं. तेवढंच झालं, लोकांनी त्याचं काहीच्या काही केलं. पण म्हणून मी तिच्या पोटावर पाय आणणार नाही."

"म्हणजे तिनंच केलं असं तू धरून चाललायस."

"तुम्ही नाही?"

आत्यानं हात पुढे केला. त्यानं बॅगेच्या आतल्या कप्प्यातून पेन ड्राइव्ह काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"पहिल्या दवाखान्याचा आहे. नऊ हजार ओळी आहेत. काय निघेल ते आधी मला सांगा. साहेबांना नंतर."

"तसलं वचन मी देत नसते," आत्या म्हणाली आणि जिना चढली.

४

आत्या वाचायला शिकली तिसाव्या वर्षी. त्या काळी सॉफ्टवेअर फ्लॉपीवर विकलं जायचं आणि ती डबे भरायच्या खोलीत होती. लेबल कुठलं आणि डबा कुठला हे चित्रावरून ओळखायची, आणि चित्र बदललं की घोटाळा व्हायचा. तेव्हा दादानं, जो वरच्या मजल्यावर प्रोग्रॅम लिहायचा, एका उन्हाळ्यात रोज जेवणाच्या सुट्टीत खाली येऊन त्या लेबलांवरूनच तिला अक्षरं शिकवली. दोन्ही लिप्या. उशिरा शिकल्यामुळे ती हळू वाचायची, ओळीखाली बोट ठेवून, आणि एखादी ओळ गाळायचा तिला धीर व्हायचा नाही.

तरुण माणसं लॉग शेवटून वर बघतात. 'एरर' हा शब्द शोधतात, नाही सापडला की बंद करतात. या लॉगमध्ये तो शब्द एकदाही नव्हता. आत्यानं तपासणीच्या खोलीचं दार लोटलं आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

मंगळवार त्यातच गेला. शिपायानं दोनदा चहा आणून ठेवला, दोनदा गार झालेला उचलून नेला. "आत्या, पोथी लावलीय का?" म्हणून चिडवूनही गेला. बुधवारी दुपारी, सत्ताविसशेच्या पुढे कुठेतरी, बोट थांबलं.

अकरा वाजून चार मिनिटं दहा सेकंद. रुग्णांचं फोल्डर पुसलं.

ती पुढे वाचत राहिली. भाचीचं काम बरंच खाली होतं. ते सुरू झाल्याची वेळ होती अकरा, चार, बावन्न.

बेचाळीस सेकंद. आत्यानं ती दोनदा बोटांवर मोजली. भाचीचं काम दारात पोचलं, तेव्हा घर बेचाळीस सेकंद आधीच रिकामं झालेलं होतं. तिनं पुसलं नाही. रिकामं घर बघून गप्प बसली, एवढंच.

मग पुसलं कुणी? सहाव्या आवृत्तीत पुसणारं काम नव्हतंच. आत्या पुन्हा वरच्या ओळींकडे गेली. त्या भागातल्या ओळींवर पॅकेजचा, म्हणजे कुठल्या आवृत्तीचं काम त्याचा, क्रमांक लिहिलेला असतो. तिनं तो एक एक अक्षर करून आपल्या वहीतल्या यादीशी ताडून पाहिला. क्रमांक सहाव्या आवृत्तीचा नव्हता. पाचवीचा होता.

आणि पुसल्याच्या खालच्याच ओळीत, जिथे लिहिणारा आपल्या शब्दांत शेरा ठेवू शकतो, तिथे बाकीच्यांसारखं 'काम पूर्ण' नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'झाडून घेतलं. घर मोकळं आहे.'

आत्यानं बोट उचललं. कोडमध्ये असं गप्पा मारल्यासारखं लिहिणारा माणूस त्या कचेरीत एकच होता. तिनं पिशवी घेतली आणि कुणाला न सांगता दादाच्या घरी निघाली.

५

"वन्सं, आज बुधवारच्या कशा? रविवार विसरलात की वाट चुकलात?" वहिनींनी दार उघडलं.

"दादा जागा आहे?"

"जागेच असतात. खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांची गिनती चालते. मला काही काम सांगत नाहीत, तेवढं सुख."

दादा खिडकीपाशी खुर्चीत होता. नाकाला नळी, बाजूला हवेचं यंत्र मंद सुस्कारे टाकत होतं. तोंड मात्र तसंच. "ये. चेहरा असा का? साहेबांनी पुन्हा पगारवाढ दिली नाही?"

आत्या समोर स्टुलावर बसली. "दादा, पाचव्या आवृत्तीत फोल्डर पुसायचं काम तू लिहिलंस ना?"

"लिहिलं की. एका दवाखान्यानं जुना कॉम्प्युटर विकून टाकला आणि दोनशे माणसांची माहिती त्याच्यासोबत बाजारात गेली. साहेब म्हणाले, सॉफ्टवेअर काढलं की माहितीही पुसली गेली पाहिजे. निवृत्तीला आठ दिवस होते माझ्या. तेच शेवटचं काम. का गं?"

आत्यानं सगळं सांगितलं. फोन, तीन दवाखाने, पोरीवर आलेला आळ, बेचाळीस सेकंद. भाचीनं घरी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. दादा ऐकत राहिला. ती थांबल्यावर त्यानं विचारलं, "अट काय घातली होती मी?"

"काढत असतील तर पूस."

"पुढे?"

"पुढे काही नाही. एवढीच."

दादानं डोळे मिटले. मग तो म्हणाला, "नवी आवृत्ती आत येते, तेव्हा आधी जुनीला सांगते, तू नीघ. जुनीचं सगळं चंबूगबाळं त्या कॉम्प्युटरमध्येच ठेवलेलं असतं, निघताना करायच्या कामांसकट. ती तिच्या स्वतःच्या कोडनं निघते. आपल्याला काढतायत एवढंच तिला कळतं. कायमचं काढतायत की आपल्या जागी नवी येतेय, ते तिला आपण वेगळं विचारायला लावावं लागतं. अटीत एक तुकडा जास्त जोडायचा. नवी येत असेल तर हात लावू नकोस. पंधरा वर्षं मी पोरांना हे घोकून घेतलं. आणि शेवटच्या आठवड्यात स्वतःच विसरलो."

"आणि मी तपासलं," आत्या म्हणाली. "घातलं, काढलं, फोल्डर गेलेलं पाहिलं, खूण केली. वर खूश झाले. तेव्हा सहावी जन्मालाही आली नव्हती, तर पाचवीवरून सहावी घालून बघणार कोण? आणि सहावी आली तेव्हा मी चौथीवरून तपासली. सगळ्यांकडे चौथीच होती ना. पाचवी फक्त नव्या गिऱ्हाइकांना दिलेली. माझ्या ध्यानातच राहिली नाही."

"बरोबरीनं माती खाल्ली म्हणायची आपण."

"दादा, साहेबांना नुसतं म्हणता येईल, जुन्या आवृत्तीतली चूक. कुणाची ते नको."

"आणि ते काय म्हणतील? पोरीला वाचवायला आत्यानं काहीतरी रचलं. अर्धं सांगितलंस तर उरलेलं लोक आपल्या मनानं भरतील." त्याला खोकला आला. तो ओसरेपर्यंत वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि गेल्या. "माझं नाव घाल. मला काय आता कुठे नोकरी मागायला जायचंय?"

ज्या माणसानं आत्याला लेबलांवरून अक्षरं शिकवली, त्याचं नाव तिला चुकांच्या रकान्यात लिहायचं होतं.

अचानक दादा खुर्चीत सरळ झाला. "पाचवी किती ठिकाणी गेली होती?"

"पाहुण्यानं घातलेले ते तीन."

"चार. एक मी स्वतः टपालानं पाठवली होती. डोंगराकडच्या गावातला दवाखाना. त्यांनी सहावी घातली का?"

आत्या स्टुलावरून उठली. एकेचाळिसांतला राहिलेला एक. "उद्या सकाळी घालणार आहेत," ती म्हणाली. "मीच त्यांना तारीख दिलीय."

दोघांनी मिळून त्या दवाखान्याला सात वेळा फोन लावला. बुधवारी तिथे संध्याकाळची सुट्टी असायची.

६

गुरुवारी आठ वाजायला पाच मिनिटं असल्यापासून आत्या फोन लावत होती. आठ वाजून सहा मिनिटांनी तो उचलला गेला.

"बोला, पटकन बोला, तुमचंच चालू केलंय," पलीकडची मदतनीस बाई म्हणाली. "'पुढे' असं बटण आलंय. दाबू?"

"दाबू नका."

"नुसतं एकदा दाबायचं ना?"

"माऊसवरचा हात काढा. दोन्ही हात टेबलावर ठेवा."

"ठेवले. अहो, बॉम्ब असल्यासारखं काय बोलताय?"

"तुमच्या यादीत किती पेशंट आहेत?"

"नऊशे चार. का?"

"आहेत ना सगळे?"

"आहेत की. जातील कुठे?"

आत्या खुर्चीत बसली. मग तिनं ते चालू केलेलं रद्द कसं करायचं, ते एक एक पायरी करून सांगितलं.

दहा वाजता तिनं साहेबांना, भाचीला आणि पाहुण्याला तपासणीच्या खोलीत बोलावलं. टेबलावर तीन कॉम्प्युटर मांडले होते. प्रत्येकात खोट्या नावांचे वीस रुग्ण भरलेले.

"हा पहिला. यावर चौथी आवृत्ती आहे, सदतीस दवाखान्यांत होती तशी." तिनं सहावी घातली. वीसच्या वीस नावं जागेवर होती.

"हा दुसरा. यावर पाचवी. पाहुण्याच्या तीन दवाखान्यांत हीच होती, कारण ते नवे होते. आपल्या गिऱ्हाइकांच्या यादीत आवृत्तीचा रकाना नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आपल्याला दिसला तो पाहुणा." बटण तिनं स्वतः दाबलं. 'पूर्ण झालं' असं आलं. यादी उघडली, कोरी.

पाहुण्यानं दोन्ही हात खिशात घातले. "मी शिवलोसुद्धा नाही त्याला," तो हळूच म्हणाला.

"पण म्हणजे सहाव्या आवृत्तीतलं तिचं काम..." साहेबांनी भाचीकडे पाहिलं.

"थांबा. हा तिसरा. यावरही पाचवी. पण आत्ता जी सहावी घालतेय, तिच्यातून हिनं लिहिलेली एकूण एक ओळ काढलीय. सकाळी हिच्याकडूनच करून घेतली. माहितीला हात लावणारं तुमच्या त्या सहावीत आता काहीही नाही."

बटण दाबलं. चौघं पडद्याकडे बघत उभे. यादी उघडली. एकही नाव नव्हतं. मग तिनं माहिती आधी जिथे होती ते जुनं फोल्डर उघडलं, तेही रिकामं.

साहेब वाकून बघू लागले, जणू नावं पडद्याच्या मागे पडली असतील. "आत येणारीनं केलं नाही, तर मग कुणी?"

"बाहेर निघणारीनं," आत्या म्हणाली, आणि दादानं जसं सांगितलं होतं तसंच सांगितलं. जुनी आवृत्ती स्वतःच्या कोडनं निघते ते, अपुरी अट, बेचाळीस सेकंद, आज सकाळी टेबलावर ठेवलेले दोन हात. शेवटी म्हणाली, "ती अट दादानं लिहिली. तपासून मी खूण केली. आणि रिकामं घर बघून हिच्या कामानं ओरडायला हवं होतं, ते ओरडलं नाही. ओरडलं असतं तर पहिल्याच दवाखान्यात कळलं असतं, पुढचे दोन वाचले असते. झालं ते तिघांच्या हातून."

भाची पुढे झाली. "साहेब, माझंच नाव कळवा त्यांना. बाबांचं नको. त्यांना आता हे कशाला? तुम्हाला एक नावच हवंय ना?"

साहेबांच्या दृष्टीनं ते सोपं होतं. निवृत्त माणसाच्या शेवटच्या कामात खोट निघाली, असं कळवण्यापेक्षा कितीतरी सोपं.

"नाव तुझं गेलं तर खोटं जाईल," आत्या म्हणाली.

"बाबांना कळलं तर ते..."

"मला कोडं उलगडून कुणी सांगितलं असं वाटतं तुला? काल संध्याकाळी त्यानंच." आत्यानं पिशवीतून एक बंद पाकीट काढून साहेबांपुढे ठेवलं. "रात्री लिहून ठेवलंय. सकाळी वहिनींनी आणून दिलं. मी वाचलेलं नाही."

साहेबांनी ते उभ्यानंच फोडलं. आत एकच कागद होता, अक्षर वाकडंतिकडं. त्यांनी तो मनात वाचला आणि भाचीच्या हातात दिला. वर तिन्ही डॉक्टरांची नावं होती. खाली चार ओळींत काय चुकलं ते, कुठली अट राहिली ते, आणि ती आपण लिहिली हे. सही आणि तारीख. दया मागणारा एक शब्द नव्हता.

"शुक्रवारची गोष्ट मी बोललोच नाही असं समज," साहेब भाचीला म्हणाले. "पण ओरडणारं तोंड आधी उघड."

७

पुढच्या दहा दिवसांत भाचीनं नवी कस्टम अ‍ॅक्शन लिहिली. जुन्या आवृत्तीला 'नीघ' म्हणण्याच्या आधी ती रुग्णांची माहिती उचलून सुरक्षित जागी ठेवायची, आणि जुन्या आवृत्तीची नोंद असून माहिती सापडली नाही तर जिथल्या तिथे सगळं थांबवून मोठ्यांदा सांगायची. रविवारी तिनं लॅपटॉप दादाच्या मांडीवर ठेवला.

"अट?" दादा म्हणाला.

"घातली."

"वाच. मोठ्यानं."

तिनं वाचली. त्यानं एका जागी बोट ठेवलं. मध्येच वीज गेली तर काय, असं विचारलं. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून त्याचं उत्तर काढलं. वहिनी दोनदा जेवायला हाक मारून गेल्या आणि तिसऱ्यांदा ताटंच घेऊन आल्या.

डोंगराकडच्या दवाखान्यानं ती आवृत्ती घातली, नऊशे चार नावं शाबूत राहिली. ज्या तीन दवाखान्यांची माहिती गेली, त्यांतल्या एकाकडे दोन आठवड्यांपूर्वीची प्रत निघाली. दुसऱ्याकडे छापील कागद होते. तिथे भाची पाच शनिवार जाऊन बसली आणि एक एक आलेख पुन्हा भरला. डॉक्टरीणबाईंकडे, म्हणजे पहिल्या दवाखान्यात, काहीच नव्हतं. सहाशेपैकी चारशे माणसांचे कान त्यांनी पुन्हा तपासले. उरलेली परत आली नाहीत. बाईंनी दुसरीकडचं सॉफ्टवेअर घेतलं, आणि त्याबद्दल कचेरीत कुणी त्यांना नावं ठेवली नाहीत.

पाहुण्यानं ऑक्टोबरात दुसऱ्या शहरात नोकरी धरली. जाताना तिन्ही लॉग आत्याच्या टेबलावर ठेवून गेला. भाची तिच्या जागेवर राहिली.

दादा त्याच वर्षी नोव्हेंबरच्या वीस तारखेला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी घरी वारला. वय पासष्ट.